ओठ न मिटता रामकथा
सांगवीसारख्या गावात रात्री जेवणं उरकल्यावर लॅपटॉप उघडून प्रोग्रॅमिंगचा सराव करणाऱ्यापुढे एक जुना प्रश्न असतो: हा खटाटोप कशासाठी? नोकरीसाठी, हे उत्तर खरं आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तेवढ्याने सराव टिकत नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात मन आवरायचे उपाय जोडीने सांगितले आहेत, अभ्यास आणि वैराग्य. आपण अभ्यास उचलला, वैराग्य सोडून दिलं. मग फळाच्या घाईत प्रमाणपत्रं जमतात आणि हात जे जमतं तेच गिरवत राहतो.

फळाची घाई न करता केलेल्या अभ्यासाचा मोठा दाखला जवळच्या बारामतीत आहे. कवी मोरोपंत (१७२९–१७९४) तिथे बाबूजी नाइकांच्या आश्रयाने पुराण सांगत. त्या कामापुरती रामकथा एकदा रचली असती तरी भागलं असतं. त्यांच्या नावावर १०८ रामायणं आहेत, आणि कितीतरींना स्वतःच घालून घेतलेलं वेगळं बंधन. निरोष्ठ रामायणात ओठ मिटून उच्चारायची अक्षरं वर्ज्य; म्हणजे ‘म’ गेला, म्हणजे ‘राम’ हे नावच गेलं. त्या नावावाचून रामकथा सांगायची! प्रोग्रॅमर ज्याला कराटेतला शब्द घेऊन ‘काता’ म्हणतात, तो सराव याच जातीचा: सुटलेलाच छोटा प्रश्न पुन्हा सोडवायचा, पण या खेपेला लूप न वापरता, किंवा आधी चाचणी लिहून. सवयीचं साधन काढून घेतलं की आपल्याला नेमकं काय येतं ते उघडं पडतं. पगारवाढ त्यातून थेट येत नाही, म्हणूनच तो सराव मनाला वळण लावतो.

ही नुसती शब्दांची कसरत, असा आक्षेप मोरोपंतांवर घेतला गेलाच. पण उतारवयातली ‘केकावली’ वाचावी. पृथ्वी वृत्तासारखं अवघड वृत्त तिथे देवाकडे गाऱ्हाणं मांडताना आड येत नाही. इतक्या वर्षांच्या बंधनांनी हात तयार झाला होता, असं मी मानतो.

दुसरा आक्षेप या सरावावरचाच आणि जास्त वजनदार आहे: फावला वेळ विश्रांतीचा आणि घराचा. तो मला मान्य आहे. साहेबाने घरून शिकून यायला सांगितलं, तर ते कामच झालं आणि त्याचा मोबदला मिळायला हवा. आणि जिची संध्याकाळ चुलीपुढे जाते, तिला फावला वेळ मुळात नसतोच; तिचा कस त्या वेळावर जोखणं अन्याय आहे. घरात बहीणभाऊ दोघंही शिकत असतील, तर भावाने आज भांडी घासावीत आणि तो तास तिला द्यावा.