डावा पाय

मोटार शिकायला निघालेल्या माणसापुढे आज पहिला प्रश्न उभा राहतो तो रस्त्याचा नव्हे, पायाचा. डाव्या पायाला काम द्यायचे की सुटी? गिअरच्या गाडीत तीन पेडल आणि दोन पाय. ऑटोमॅटिक गाडीत दोन पेडल आणि खरे पाहता एकच पाय. प्रश्न एवढासाच. पण तो घरात निघाला, की बघता बघता त्याला नीतीचा रंग चढतो. वडीलधारे म्हणतात, "गिअर टाकता येत नाही, तो कसला चालवणारा?" तरुण मंडळी म्हणतात, "मिक्सर असताना पाटा-वरवंटा कशाला?" आणि दोन्ही पक्षांना वाटत असते, की आपण मोटारीविषयीच बोलतो आहोत!

आपल्याकडे कष्टांना पुण्याचा वास येतो. जुन्या पिढीने पावकी, निमकी, औटकी घोकली. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आज माझ्या वर्गातल्या मुलाला हा शब्दही ठाऊक नसतो आणि त्यावाचून त्याचे काही अडत नाही. मोटारीचेही तसेच आहे. पूर्वी ती सुरू करायची म्हणजे समोर जाऊन लोखंडी हँडल फिरवावे लागे. ते उलटे झटकले तर मनगट जायबंदी होई. १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर आला आणि ते शौर्य संपले. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबून इंजिनाचा वेग अंदाजाने जुळवावा लागे; १९२८ साली त्याच कॅडिलॅकने सिंक्रोमेशची योजना आणली आणि ती विद्याही हळूहळू मावळली. १९३९ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने ओल्डस्मोबिलसाठी हायड्रा-मॅटिक नावाची गिअरपेटी पुढे केली, आणि क्लचचे पेडलच नाहीसे झाले. तेव्हा आज आपण ज्याला 'खरे ड्रायव्हिंग' म्हणून मिरवतो, ते हँडल मारणाऱ्या एखाद्या शोफरच्या नजरेत सुखवस्तू माणसाचे लाडच ठरले असते.

आपल्याकडे ही सोय मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली ती २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओने. गंमत अशी, की तिच्यातला क्लच कुठे गेलेला नाही. पेटी तीच, क्लचही तोच. तो दाबणारा पाय मात्र माणसाचा नाही, यंत्राचा. कायद्यानेही या बाबतीत फारसा सोवळेपणा दाखवलेला नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात दुचाकीचे 'गिअरची' आणि 'बिनगिअरची' असे दोन वर्ग आहेत. चारचाकी मोटारीत असा भेद नाही. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलेल्याला गिअरची गाडी चालवता येत नाही. आपल्याकडे ही निवड ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडलेली आहे, आणि म्हणूनच ती विचार करण्याजोगी.

माझ्या ओळखीच्या एक शिक्षिका आहेत. पन्नाशी उलटलेली. यजमानांना अर्धांगाचा झटका आला आणि घरातली मोटार दाराशी धूळ खात पडली. आठवड्यातून दोनदा त्यांना व्यायामोपचारासाठी न्यायचे, रिक्षात चढवायचे-उतरवायचे, म्हणजे दोन माणसांचे काम. बाईंनी जुनी गाडी विकली, एक ऑटोमॅटिक घेतली आणि त्या शिकू लागल्या. दीर भेटायला आले ते म्हणाले, "वहिनी, हे म्हणजे अर्धंच शिकणं झालं." बाई चहा गाळता गाळता म्हणाल्या, "भाऊजी, मला ह्यांना दवाखान्यात न्यायचंय, शर्यतीला नाही."

या उत्तरापुढे पौरुषाचा सगळा युक्तिवाद मला लंगडा वाटतो. नवशिक्याचे लक्ष म्हणजे एक लहानसे भांडे असते. त्यातले निम्मे क्लचमध्ये सांडले, तर रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीच्या वाट्याला काय उरणार? बाईंनी आपले लक्ष वाचवले आणि ते रस्त्याला दिले. यात कसला आळस आणि कसली पळवाट?

मात्र सोयीची म्हणून एक जोखीम असते. गिअरच्या गाडीत नवखा चुकून क्लच झटक्यात सोडतो. गाडी एक आचका देते आणि बंद पडते. मागचे लोक हॉर्न वाजवतात, शिकणाऱ्याचे कान तापतात. नुकसान झालेच तर अब्रूचे. ऑटोमॅटिक गाडी अशी रुसत नाही. ब्रेकवरचा पाय उचलला, की ती आपण होऊन पुढे सरकू लागते. घाबरून ब्रेकऐवजी दुसऱ्याच पेडलवर पाय पडला, तर ती निमूटपणे हुकूम पाळते, आणि पुढे भिंत आहे की पोर, हे पाहत नाही. एक यंत्र चुकीला नकार देते, दुसरे चुकीलाही होकार देते. ज्याला सोपी गाडी हवी, त्याने हा होकार ओळखून असावे. एकाच पायाने दोन्ही पेडल सांभाळायची सवय त्याने मोकळ्या मैदानात आधी पक्की करावी.

आणि मग घाट येतो. भोरहून महाडकडे वरंधा घाटात, कोकणच्या बाजूने भरलेला ट्रक चढत येतो आहे असे समजा. अरुंद वळणावर तो थांबला. आता त्याला पुन्हा निघायचे आहे. इंजिन फिरते आहे, चाके थांबलेली आहेत, आणि मागे उतार त्याला खेचतो आहे. फिरत्या इंजिनाची आणि थांबल्या चाकांची गाठ हलक्या पायाने घालून देणे, हे क्लचचे काम. ती गाठ पडेपर्यंतच्या क्षणात गाडी हातभर मागे येऊ शकते. म्हणून अरुंद घाटात उतरणाऱ्याने चढणाऱ्याला आधी वाट द्यावी, असा नियम आहे. हा नियम मला फार शहाणा वाटतो. ज्याचे ओझे जड, त्याला पहिला मान! सभ्य समाज याहून वेगळे काय करतो?

पण नियम पाठ असणे निराळे आणि तो पायाला कळणे निराळे. ज्याने कधी अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरलेली नाही, तो चढावर एस.टी.च्या पाठीला चिकटून उभा राहतो, आणि ती किंचित मागे आली की ड्रायव्हरच्या नावाने खडे फोडतो. त्याच्या मनात दुष्टावा नसतो. दुसऱ्याची अडचण त्याच्या अंगाला कधी लागलेलीच नसते, एवढेच.

त्याच शिक्षिकांच्या मुलीने मला विचारले, "सर, मी कशावर शिकू? आईसारखी ऑटोमॅटिकवर?" ती अठरा पूर्ण झालेली, दोन्ही पाय धडधाकट, घाई कसलीच नाही. मी म्हणालो, "तू गिअरवर शीक. पुढे हवी ती गाडी चालव." कारण विचारले तेव्हा तिला ट्रकची गोष्ट सांगितली. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "पण आता विजेच्या गाड्या येताहेत. त्यांना क्लच नाही. माझ्या मुलांना हे कुठून कळणार?"

मला उत्तर सुचले नाही. तूर्त ती सकाळी सहाला गिअरच्या गाडीवर शिकायला जाते. रविवारी आईची गाडी हाती घेते, तेव्हा तिचा डावा पाय सवयीने क्लच शोधतो, सापडतो रुंद ब्रेक, आणि गाडी गचकन थांबते. मागच्या आसनावरून वडील अडखळत्या जिभेने काहीतरी म्हणतात. आई म्हणते, "तो पाय मागे घे बघू आधी."