अनोळखी दारचा खाऊ

पितृपक्ष लागला की आपल्याकडचा सराफ बाजार थंडावतो. नवी गाडी, घराचा व्यवहार, लग्नाची बोलणी, सगळे घटस्थापनेपर्यंत पुढे ढकलले जाते. त्या पंधरवड्यात महागते ती भाजी: कारली, गवार, लाल भोपळा, अळूची पाने. गेलेल्यांच्या नावाने होणारा खर्च एका ताटाचा असतो, आणि ते ताट कावळ्याला, गाईला, जेवायला बोलावलेल्या चार माणसांना जाते. अमेरिकेत साधारण त्याच दिवसांत नेमके उलटे घडते. मृतांच्या आठवणीतून उगवलेला हॅलोविन ३१ ऑक्टोबरला येतो, पण त्याचा बाजार सप्टेंबरच्या आधीच मांडलेला असतो आणि तो वर्षातल्या मोठ्या बाजारांपैकी एक आहे.

अमेरिकेतल्या किरकोळ व्यापाऱ्यांची राष्ट्रीय संघटना दरवर्षी ग्राहकांची पाहणी करून या खर्चाचा अंदाज बांधते. २०२३ मध्ये तो १,२२० कोटी डॉलर होता, २०२४ मध्ये थोडा उतरला, आणि २०२५ साठी १,३१० कोटी डॉलरचा विक्रमी आकडा आला. माणशी सुमारे ११४ डॉलर. हा लोकांनी सांगितलेल्या बेतांवरून काढलेला अंदाज आहे, गल्ल्यात जमा झालेली रक्कम नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरी मला या आकड्याच्या मोठेपणापेक्षा त्याची फोड महत्त्वाची वाटते. ४३० कोटी सोंगांच्या कपड्यांवर, ४२० कोटी सजावटीवर, ३९० कोटी गोड खाऊवर, उरलेले शुभेच्छापत्रांवर. कपडे अंगावर राहतात, सजावट अंगणात राहते. खाऊ तेवढा घराबाहेर जातो, तोही आपण ओळखत नाही अशा मुलांच्या पिशवीत. सणाचा जीव या ३९० कोटींत आहे असे मी मानतो.

त्याचे कारण जुने आहे. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये सुगी संपून हिवाळा सुरू होताना ‘साउइन’ पाळला जाई. त्या रात्री मेलेल्यांची आणि जिवंतांची वेस पुसट होते, अशी समजूत होती. पुढे चर्चने १ नोव्हेंबर संतांना आणि २ नोव्हेंबर सगळ्या मृतात्म्यांना दिला. या दिवसांत इंग्लंडमधली गोरगरीब माणसे दारोदार जात. घरची बाई त्यांना मसाला घातलेली छोटी गोड भाकरी देई आणि ती माणसे त्या घरातल्या मृतांसाठी प्रार्थना करीत. भाकरी देणाऱ्याला आपल्या माणसांसाठी काहीतरी केल्याचे समाधान मिळे, घेणाऱ्याचे पोट भरे. आपल्या श्राद्धाच्या ताटापासून हे फार दूर नाही.

१८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळाने लाखो आयरिश माणसे अमेरिकेत आली आणि त्यांच्याबरोबर हा सणही आला. आयर्लंडात सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. तसल्या एका सलगमाची प्रतिकृती मेयो परगण्यातल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आक्रसलेले गाल, खोबणीतले डोळे असा तो चेहरा आजच्या कुठल्याही रबरी मुखवट्यापेक्षा भीतिदायक आहे. अमेरिकेत हाताशी भोपळा होता, मोठा आणि कोरायला सोपा, म्हणून सलगम मागे पडले.

अमेरिकेत आलेला सण मात्र बराच काळ दांडगाईचा होता. पोरे कुंपणाची फाटके उचलून नेत, खिडक्यांना साबण फासत, टायरमधली हवा सोडत. १९३० च्या मंदीत हे प्रकार इतके वाढले की गावोगावच्या मंडळांनी आणि शाळांनी त्या रात्री मिरवणुका, खेळ, मेजवान्या सुरू केल्या. मिनेसोटातल्या अनोका गावाने तर हे १९२० मध्येच केले होते. ‘खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू’ ही मुलांची आरोळी याच तडजोडीतून रूढ झाली. दुसऱ्या महायुद्धात साखरेचे रेशनिंग आले आणि खाऊ आटला. १९४७ मध्ये ते उठले, शहरांबाहेर नव्या वसाहती उभ्या राहिल्या, आणि ओळीने बांधलेल्या घरांची दारे वाजवत जाणारी मुले हे चित्र देशभर पसरले. त्या काळी पिशवीत काय पडे? घरी केलेले पॉपकॉर्नचे लाडू, पाकात बुडवलेली सफरचंदे, बिस्किटे, कधी नुसती नाणी. १९५० मध्ये फिलाडेल्फियाच्या एका पाद्री दांपत्याने मुलांकरवी युनिसेफसाठी नाणी गोळा करायला सुरुवात केली, ती प्रथा अजून चालू आहे.

घरचा खाऊ गेला तो भीतीमुळे. १९७४ च्या हॅलोविनला टेक्सासमध्ये एक आठ वर्षांचा मुलगा विष मिसळलेली गोड पूड खाऊन दगावला. विष घालणारा मुलाचा बापच होता, विम्याच्या पैशांसाठी. लोकांच्या मनात मात्र राहिला तो अनोळखी दारातून आलेला खाऊ. १९८२ मध्ये शिकागोच्या परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड भरले, सात माणसे गेली, आणि महिन्याभरात हॅलोविन आला. त्या वर्षी पालकांनी पोरांना बाहेर सोडायलाच धास्ती घेतली. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या बातम्या तपासल्या. एखाद्या परक्याने दारात आलेल्या मुलाला विषारी खाऊ देऊन मारले, असे एकही सिद्ध प्रकरण त्यांना सापडले नाही. पण तोवर रीत बदलली होती. कारखान्यात सीलबंद झालेले, बोटाएवढे चॉकलेट तेवढे विश्वासाचे ठरले. शेजारणीच्या हाताऐवजी कंपनीच्या वेष्टणावर भरवसा ठेवायचा, हा या सणातला सगळ्यात मोठा बदल आहे, आणि त्यात कंपन्यांच्या जाहिरातींइतकाच आईबापांच्या काळजीचा वाटा आहे.

रात्री नऊच्या सुमारास कुठल्याही घरात हे दिसते. मूल उशीच्या अभ्र्यात जमवलेला ऐवज स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओतते. आई एकेक पुडी दिव्याखाली धरून कडा बघते. फाटलेली, उघडी, बिनवेष्टणाची वस्तू सरळ कचऱ्यात जाते, कुणी प्रेमाने केलेली असली तरी. मग भावंडांचा सौदा सुरू होतो. शेंगदाण्याच्या लोण्याच्या दोन वाट्यांना चार आंबट गोळ्या, आणि पिवळ्या-नारिंगी-पांढऱ्या ‘कँडी कॉर्न’ला गिऱ्हाईक नाही. मोजणी, वाटणी, रुसवे. इतका वेळ धावपळ करून हाती आलेली ही मुलांची स्वतःची कमाई असते आणि ती देणाऱ्यांपैकी निम्म्यांची नावेही त्यांना ठाऊक नसतात.

कपडे आणि सजावट या दोन खर्चांबद्दल मला एवढी आपुलकी नाही. ‘स्पिरिट हॅलोविन’ ही दुकानांची साखळी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली. आता दर उन्हाळ्याच्या अखेरीस तिची सुमारे दीड हजार तात्पुरती दुकाने उघडतात, बहुतेक बंद पडलेल्या मोठ्या दुकानांच्या जागेत. नारिंगी फलकाच्या आडून आधीच्या दुकानाच्या अक्षरांचे फिकट ठसे दिसतात. आत रांगेने पॉलिएस्टरचे पोशाख, बहुतांश चीनमध्ये शिवलेले, एका संध्याकाळपुरते. २०२० मध्ये होम डेपो या दुकानांच्या साखळीने बारा फुटी सांगाडा ३०० डॉलरला विकायला काढला आणि तो बघता बघता संपला. साथीत कोंडलेल्या माणसांना रस्त्यावरून दिसेल असे काहीतरी अंगणात उभे करावेसे वाटले, हे मी समजू शकतो. पण पुढे अंगणांची चढाओढ लागली आणि सांगाड्याशेजारी सांगाड्याचाच कुत्राही उभा राहिला. पैसा आपल्याच हद्दीत फिरत राहिला आणि बघणाऱ्याला फोटोपलीकडे काही मिळाले नाही.

दारही आता पूर्वीसारखे सगळ्यांसाठी उघडे नाही. पुष्कळ ठिकाणी चर्च किंवा शाळेच्या आवारात गाड्या उभ्या करून उघड्या डिकीतून खाऊ वाटतात. मुले ओळखीच्या एका गाडीकडून दुसरीकडे जातात, अंधारात कुणाचे दार वाजवायची वेळ येत नाही. सुखवस्तू वसाहतींत दुसऱ्या भागांतून गाडीने आलेल्या मुलांबद्दल कुरकुर ऐकू येते. व्हर्जिनियातल्या चेसापीक शहरात बारा वर्षांवरील मुलाने खाऊ मागितल्यास तुरुंगवासाची तरतूद कागदावर होती. ती २०१९ मध्ये काढली आणि वय चौदा केले. मला हे सगळे १,३१० कोटींच्या आकड्यापेक्षा जास्त खुपते. तेरा वर्षांचे पोर अंगावर चादर घेऊन दारात आले तर मूठभर चॉकलेट देण्यात कुणाचे काय जाते?

अमेरिकेतल्या मराठी घरांना हा सण आता परका नाही. २०२४ मध्ये तिथे लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन एकाच संध्याकाळी आले. दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला, न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांना पहिल्यांदाच दिवाळीची सुट्टी होती. न्यू जर्सीतल्या घरांत पूजा लवकर उरकायची, मुलांनी पैठणीचा परकर किंवा कुर्ता उतरवून स्पायडरमॅनचा वेश चढवायचा, आणि पणत्यांशेजारी चॉकलेटचे टोपले मांडून बसायचे, असा तो दिवस गेला. चकली-करंजीचे ताट मात्र शेजारी जाते ते नाव माहीत असलेल्या घरी. ती चकली दारात आलेल्या पोराच्या पिशवीत टाकता येत नाही, रात्री टेबलावरच्या तपासणीत ती बाद होईल.

म्हणून तिथल्या आप्तांनी फराळाचे ताट हॅलोविनच्या आठवडाभर आधी द्यायला निघावे. समोरच्या, पलीकडच्या, आजवर नुसता हात हलवलेल्या घरी. वेश शेजारच्या मोठ्या मुलाचा आखूड झालेला आणावा, सांगाड्याचे ३०० डॉलर वाचवावेत आणि टोपले रात्री साडेनऊपर्यंत भरलेले ठेवावे. मोठी मुले उशिरा येतात.