गुन्हेगार कोण करायचा?

किशोरवयीन मुलांसाठी एक थरारकथा लिहायला घेतली आहे. घटनास्थळ देवबाग, म्हणजे माझंच गाव: एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. गावातली एक मुलगी रील्स करून प्रसिद्ध होते, तिला लाखो लोक फॉलो करू लागतात आणि एका सकाळी तिच्या घराच्या पडवीचा, आतल्या बाजूनं काढलेला फोटो एका अनोळखी खात्यावर झळकतो. इथवर सगळं जमलं. संगमाजवळची सरकती वाळू, त्सुनामी आयलंड, पावसाळ्यात ओढून ठेवलेल्या वॉटर स्पोर्ट्सच्या बोटी, जून-जुलैतला ओस किनारा. थराराला आणखी काय लागतं? घोडं अडलं ते एकाच जागी. ते खातं कोणाचं?

आधी ते शहरातून आलेल्या एका विकृत तरुणाचं होतं. मग मी ते तिच्यावर जळणाऱ्या दुसऱ्या रीलवालीचं केलं. दोन्ही वेळा हात भराभर चालला, आणि मला संशय आला तो त्याचाच. गुन्हेगार बाहेरचा ठरवला की लेखिका मोकळी, वाचक मोकळा, गावही मोकळं. ज्या गर्दीबद्दल मी लिहिते आहे तिच्यात मी कुठे उभी आहे, हे न बघता पुढे जायची ही घाई कशासाठी?

आमच्या गावाला हा विषय परका नाही. ‘कोकण हार्टेड गर्ल’ म्हणून महाराष्ट्र जिला ओळखतो ती अंकिता प्रभू वालावलकर देवबागचीच. 28 जुलै 2024 ला ‘बिग बॉस मराठी’चं पाचवं पर्व सुरू झालं आणि ती त्या घरात गेली. पर्व 70 दिवसांत आटोपलं. 6 ऑक्टोबरला सूरज चव्हाण जिंकला, अभिजीत सावंत दुसरा आला, आमची अंकिता अंतिम फेरीपर्यंत पोचली. ‘आमची’ हे आपसूकच लिहून गेले. तिची आणि माझी साधी ओळखही नाही. पण त्या दिवसांत रस्त्यात भेटणारी प्रत्येक काकी विचारायची, “आपला चेडू आसा, वोट घातलंस मां?” आणि मी घातलेलं असायचं. मुंबईतल्या नातेवाइकांना, पुण्याच्या जुन्या मैत्रिणींना मतदानाचे निरोपही पाठवलेले असायचे. यात गैर काही नाही. गावच्या पोरीला मत देणं हा काही गुन्हा नव्हे.

गैर त्याच्या जरा पुढे सुरू होतं. तिच्याविरुद्ध खेळणाऱ्यांच्या फोटोंखाली येणाऱ्या शिव्या मी वाचायचे. स्वतः एकही लिहिली नाही, आणि ही बाजू मनाशी अनेकदा मांडून झाली आहे. पण वाचताना आत एक समाधान पसरायचं, ते खोटं नव्हतं. कोणा स्पर्धकाच्या दिसण्यावर, कोणाच्या आईवर, कोणाच्या लहान मुलावर लोक घसरत होते. मी “काय ही माणसं!” असं पुटपुटत खालची कमेंट वाचायला सरकत होते. समोरचं यंत्र पुटपुटणं ऐकत नाही. कुठल्या पोस्टवर बोट किती वेळ थांबलं ते त्याला कळतं, आणि जिथे लोक थांबतात ते आणखी लोकांपुढे नेऊन ठेवणं हेच त्याचं काम. माझ्या सभ्यपणाची त्याच्याकडे नोंद नाही. माझ्या थांबण्याची आहे.

त्याच पर्वाच्या मधोमध, 26 ऑगस्टला, मालवणच्या राजकोटावरचा शिवपुतळा कोसळला. 4 डिसेंबर 2023 ला त्याचं अनावरण झालं होतं. वर्षही झालं नव्हतं. तालुक्यातला प्रत्येक फोन त्या बातमीनं तापला होता. माझाही. तरी रात्रीचा भाग मी चुकवला नाही. देवबागेत दर पावसाळ्यात समुद्र जमीन खातो, बंधाऱ्याच्या मागणीचे निरोप गावच्या गटावर फिरत असतात. त्यांना मी अंगठा दाखवते आणि पुढे जाते. तो अंगठा मी कोणत्या अर्थानं दाखवते, हे एकदा स्वतःला विचारायला हवं. मतदानाच्या निरोपाला जो जोर लावला तो इकडे का लागला नाही, याचं उत्तर सोपं आहे आणि लाजिरवाणं आहे: बंधाऱ्याच्या गोष्टीत हरवायला समोर कोणी नव्हतं.

आता लग्नाची गोष्ट. अंकिता बिग बॉसच्या घरात असताना तिनं लग्न ठरल्याचं सांगितलं, पण मुलाचं नाव स्वतःपाशी ठेवलं. कार्यक्रम संपल्यावर संगीतकार कुणाल भगत यांचं नाव तिनं स्वतः जाहीर केलं, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये लग्न झालं. या मधल्या काळात मी काय करत होते? जुने फोटो मोठे करून बघत होते. कोण कोणाच्या पोस्टला बदाम देतं, कोणत्या फोटोत कडेला कोणाचा हात आहे, गॉगलच्या काचेत कोण दिसतं. मी रहस्यकथा लिहिणारी बाई. म्हटलं, सवयच आहे. छान कारण मिळालं. एका मुलीनं न सांगितलेली गोष्ट तिच्या आधी आपल्याला कळावी, एवढीच ती इच्छा होती. त्यात तिच्याबद्दलचं प्रेम किती होतं? मोजायला बसले तर फार नाही भरत. कळल्यावर पहिल्यांदा कोणाला सांगायचं, याची नावं मात्र डोक्यात तयार होती.

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी 1956 मध्येच या एकतर्फी जवळिकीवर लिहून ठेवलं आहे. रेडिओ-टीव्हीवरचा माणूस थेट आपल्याशी बोलतोय असं वाटत राहतं, आपण त्याला ओळखू लागतो, आणि तो आपल्याला ओळखत नाही. तेव्हा टीव्हीवरचा माणूस निदान उत्तर देऊ शकत नव्हता. आता तो एखाद्या कमेंटला हसरा चेहरा पाठवतो. मग आपला हक्क पक्का होतो.

चाहते आमच्याकडे नवे नाहीत. दशावताराचे वेडे सिंधुदुर्गात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पार्सेकर, मोचेमाडकर, वालावलकर या मंडळांवरून जत्रेत वाद झडतात. लोकराजा सुधीर कलिंगण 2022 मध्ये गेले तेव्हा घरचं कोणी गेल्यासारखी माणसं रडली. पण त्या वेडाला एक वेसण होती. नाटक लेखी नसतं, नट जागेवर बोलतो, समोरचा प्रेक्षक त्याला हातभर अंतरावरून बघतो. रात्रभर राक्षस होऊन गरजलेला माणूस पहाटे तोंडाचा रंग पुसून त्याच टपरीवर चहा पितो आणि त्याच्या शेजारी बसून आपण पितो. राक्षसाचा राग नाटकाबरोबर संपतो, कारण तो रंग पुसताना आपण पाहिलेला असतो. बिग बॉसच्या घरातला रंग पुसलेला कोणी पाहत नाही. चोवीस तासांतलं तासभर कापून दाखवलेलं माणूस आपण अख्खं समजतो. मी जुन्याचे गोडवे गाणारी नाही. जत्रेतही बायकांना पाहून शेरे मारणारे होते आणि आम्ही मुली घोळक्यानंच जायचो. पण तो शेरा मारणारा कोणाचा कोण ते ठाऊक असायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या आईपर्यंत पोचायचं.

या सगळ्याचं टोक गाठलं गेलं ते मुंबईत, 2020 मध्ये. 14 जूनला अभिनेता सुशांतसिंह राजपूत वांद्र्याच्या घरी मृतावस्थेत सापडला. त्याच्या चाहत्यांचं दुःख खरं होतं, हे मी आजही मानते. काही दिवसांतच त्या दुःखाला गुन्हेगार हवासा झाला. टाळेबंदीत घरी बसलेली लाखो माणसं खोलीचे फोटो, पंख्याची उंची, कोणाच्या जुन्या ट्विटची वेळ असले ‘पुरावे’ तपासू लागली. त्याची मैत्रीण रिया चक्रवर्ती हिला अमली पदार्थांच्या प्रकरणात 8 सप्टेंबरला अटक झाली, 7 ऑक्टोबरला उच्च न्यायालयानं जामीन दिला. मधला जवळजवळ महिना तिनं भायखळ्याच्या तुरुंगात काढला. एम्सच्या डॉक्टरांच्या मंडळानं खुनाची शक्यता नाकारली. 18 जानेवारी 2021 ला मुंबई उच्च न्यायालयानं वाहिन्यांनी चालवलेल्या समांतर खटल्यांवर कडक शब्दांत निकाल दिला. मार्च 2025 मध्ये सीबीआयनं तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात सादर केला. पावणेपाच वर्षं गेली. ज्यांनी तिला चेटकीण म्हटलं त्यांतल्या किती जणांनी तो अहवाल वाचला असेल? त्यात रहस्यच नव्हतं, वाचायचं काय?

इथे माझ्या धंद्याचा प्रश्न येतो, आणि तो मला कादंबरीच्या अडण्यापेक्षा जास्त टोचतो. रहस्यकथेचा एक करार असतो: मृत्यू झाला की त्याला कर्ता असलाच पाहिजे, आणि जो सरळ दिसतो त्याच्यावर संशय घेणं ही वाचकाची हुशारी. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहून मराठी माणसाला हे शिकवलं. झुंजार आणि काळापहाड यांच्यावर मीही वाढले आणि फास्टर फेणेच्या मागे मनानं सायकल दामटत पुण्यात हिंडले. त्या पुस्तकांना दोष देण्यात अर्थ नाही. पुस्तकातला संशयित कागदावरचा होता, पुस्तक मिटलं की त्याच्या दारावर कोणी दगड मारत नव्हतं. पण 2020 मध्ये जे लोक रात्र-रात्र जागून धागे जोडत होते ते आमचीच रीत वापरत होते. योगायोग अमान्य, साधं उत्तर अमान्य, आणि शेवटच्या पानावर कोणीतरी सापडायलाच हवं. मी तेव्हा त्या गर्दीत शिव्या देत नव्हते, पण तिच्या पुढच्या भागाची वाट पाहत होते. सकाळी उठून “काय नवीन?” म्हणत फोन उघडणं म्हणजे दुसरं काय?

हे मनाशी धरल्यावर खातं कोणाचं ते सापडलं. माझ्या कादंबरीत ते शेजारच्या काकीचं आहे. चाळिशीतली, प्रेमळ, त्या मुलीला अंगाखांद्यावर खेळवलेली. तिनं कौतुकानं चाहत्यांचं पान सुरू केलं. लोक जमले, मुलीबद्दल आतलं काहीतरी मागू लागले, आणि आतलं तिच्याकडेच होतं. कोकणातल्या घरात मागच्या दारानं येताना शेजारणीला विचारावं लागत नाही. फोटो आतून निघाला तो तसा. पुढे लग्नाची बातमी, मग आईच्या आजारपणाची, मग मुलगी भांडून नदीकाठी रडत बसली त्या दुपारची. प्रत्येक वेळी काकीला मनापासून वाटतं की आपण लेकीचं कौतुक जगापुढे नेतो आहोत. आकडा वाढतो तसा तिचा आवाज बदलतो. मुलगी दोन दिवस काही टाकत नाही तेव्हा ती चिडते, जणू मुलीनं तिचं काही देणं थकवलं आहे.

माझ्या भावाची मुलगी अकरावीत आहे. तिला ही प्रकरणं वाचायला दिली. तिनं एका बैठकीत वाचली, मान वर केली आणि विचारलं, “पण आते, हेच्यात गुन्हो काय आसा? काकी तां प्रेमानच करता मां?” मी तिला समजावायला गेले आणि लक्षात आलं की माझ्याकडे कलम नाही, पोलीस नाही, शेवटच्या पानावर बेड्याही नाहीत. संपादकालाही हेच खटकणार. तो म्हणेल, मुलांना थरार हवा, काकी कशाला? त्याचं चूक नाही. शहरातल्या विकृत तरुणानं पुस्तक जास्त खपेल. त्याला पकडल्यावर मुलं सुटकेचा श्वास सोडतील आणि दुसऱ्या हातातला फोन उघडतील. काकीला मात्र मी ठेवणार आहे.

एक गोष्ट काढून टाकली. कादंबरीत नायिकेचं लग्न गुपित असतं आणि चाहते नवऱ्याचा शोध घेतात, असा एक भाग होता. वेगवान होता, मलाच आवडलेला. पण देवबागेतला कोणीही तो वाचून एकच नाव घेईल. म्हणजे मी एका खऱ्या मुलीचं खरं खासगीपण उचलून त्याचा थरार करत होते, काकी करते तेच, फक्त छापील. तो भाग काढला आणि मनाला बरं वाटलं. त्या बरं वाटण्यावर लगेच विश्वास ठेवला नाही, कारण काढायचं ठरलं त्या रात्री मला पहिल्यांदा काय आठवलं होतं ते मला माहीत आहे. तिची आठवण नंतर झाली. आधी डोळ्यांपुढे आली ती तिची चाहते मंडळी: त्यांच्या हाती हे पुस्तक पडलं, कोणी पानाचा फोटो काढून टाकला, तर खाली माझ्याबद्दल काय काय लिहिलं जाईल.