दक्षिण कोरियातला ‘तरुण मतदार’

जून 1987 मध्ये रस्त्यावर उतरलेल्या कोरियन जनतेने थेट अध्यक्षीय निवडणुकीचा हक्क मिळवला. डिसेंबरात ती निवडणूक झाली तेव्हा मतदार वाटला गेला तो प्रदेशाने. नैर्ऋत्येचा होनाम किम दे-जुंग यांच्यामागे एकदिलाने उभा राहिला, आग्नेयेच्या योंगनाममधली मते रोह ते-वू आणि किम योंग-साम यांच्यात फुटली आणि जुन्या लष्करी राजवटीतले रोह ते-वू अवघ्या 36.6 टक्के मतांवर अध्यक्ष झाले. पुढची पंधरा वर्षे कोरियन मतदाराला ओळखायला त्याचे मूळ गाव विचारले की पुरे, असेच मानले जाई. 2002 मध्ये रोह मू-ह्यून यांनी हे गणित बदलले. ते योंगनामचे, पण त्यांचा पक्ष होनामच्या आधारावर उभा होता. त्यांना तारले ते विशीतिशीच्या मतदारांनी. त्यातल्या तिशीच्या वर्गाला ‘386’ म्हणत: वय तिशीत, शिक्षण ऐंशीच्या दशकात, जन्म साठच्या. तेव्हापासून अभ्यासकांच्या आणि पक्षांच्या बोलण्यात प्रदेशाच्या जोडीला पिढी आली, आणि तरुण म्हणजे पुरोगामी हे समीकरण रुजले. 2012 मध्ये वयस्कांच्या भरघोस मतदानावर पार्क ग्युन-हे जिंकल्या, तेव्हा तर ते सिद्धच झाल्यासारखे वाटले.

या समीकरणात दोन गृहीतके दडलेली होती. पहिले असे की वय वाढले की माणूस आपोआप उजवीकडे सरकतो. दुसरे कोणी उघड बोलून दाखवले नाही, कारण ते तपासावे असेच कोणाला वाटले नाही: एका पिढीतले स्त्री-पुरुष साधारण एकाच बाजूला मत देतात. माझ्या मते गेल्या काही वर्षांत ही दोन्ही गृहीतके कोसळली आहेत. कोरियात वय आणि लिंग ही मतामागची कारणे नाहीत. राज्यसंस्थेने आणि बाजाराने कोणाकडून, आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर, काय मागितले आणि बदल्यात काय दिले, याच्या त्या खुणा आहेत.

आधी वय. जून 2025 च्या अध्यक्षीय निवडणुकीत मतदानोत्तर चाचणीनुसार चाळिशीतल्या 72.7 आणि पन्नाशीतल्या 69.8 टक्के मतदारांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या ली जे-म्युंग यांना मत दिले. 386 ची पिढी आता पन्नाशीत आणि साठीच्या उंबरठ्यावर आहे. वय वाढले, पण तिची बाजू बदलली नाही. उलट तिच्यातली थोरली माणसे साठीत शिरताच त्या वयोगटात दोन्ही मुख्य उमेदवार जवळजवळ बरोबरीत आले. सत्तरीपुढे मात्र पुराणमतवादी किम मून-सू यांना 64 टक्के मिळाले. सत्तरीतल्या माणसाने कोरियन युद्धाची राख पाहिली आणि लष्करशहा पार्क चुंग-ही यांच्या काळात कारखाने उभे राहताना पाहिले. पन्नाशीतल्या माणसावर ग्वांगजूच्या 1980 मधल्या हत्याकांडाचा आणि 1987 च्या आंदोलनाचा ठसा आहे. मताला आकार मिळतो तो जन्मसालाने.

पण मग विशीतल्यांचे काय? 2021 च्या सोल महापौरपदाच्या पोटनिवडणुकीत तिशीच्या आतल्या 72.5 टक्के पुरुषांनी पुराणमतवादी ओ से-हून यांना पसंती दिल्याचे चाचणीत दिसले; त्याच वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण 41 टक्क्यांच्या आसपास होते. मार्च 2022 मध्ये पुराणमतवादी यून सुक-योल केवळ 0.73 टक्क्यांच्या फरकाने अध्यक्ष झाले, तेव्हा विशीतल्या 58.7 टक्के पुरुषांचे मत यून यांना आणि 58 टक्के स्त्रियांचे प्रतिस्पर्धी ली जे-म्युंग यांना गेले. संपूर्ण मतदारवर्गात मात्र यून यांना मत देणारे पुरुष 50.1 आणि स्त्रिया 46.6 टक्के होत्या. म्हणजे लिंगभेदाची दरी देशभर पसरलेली नाही, ती तरुणांत एकवटली आहे. मतदान गुप्त असल्याने हे आकडे नमुना-चाचणीचेच आहेत, आणि चाचणी चुकते: 2025 मध्ये तिने ली यांना 51.7 टक्के दिले होते, प्रत्यक्षात 49.42 मिळाले. तरी दोन-अडीच टक्क्यांच्या चुकीने वीस-पंचवीस टक्क्यांची दरी बुजत नाही.

ही दरी तरुणांतच का, हा मला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. पुरुषांना सक्तीची असलेली लष्करी सेवा आजोबांनीही केली, आणि ती आजच्या दीड वर्षापेक्षा अधिक काळ. पण परतल्यावर त्यांना नोकरी मिळे, घरात कायद्याने कुटुंबप्रमुखाचे स्थान मिळे. सरकारी नोकरीच्या परीक्षेत सेवा केलेल्यांना मिळणारे वाढीव गुण घटनात्मक न्यायालयाने 1999 मध्ये रद्द केले. कुटुंबप्रमुखाची पद्धत मोडीत काढण्याचा निर्णय 2005 मध्ये झाला. दोन्ही निर्णय न्याय्य होते, असे मी निःसंकोच म्हणेन. पण सेवेची सक्ती तशीच राहिली आणि तिचा मोबदला गेला. नेमक्या याच काळात चांगल्या नोकऱ्या आक्रसल्या, सोलमधली घरे आवाक्याबाहेर गेली. आजच्या तरुणाच्याच वर्गात बसणाऱ्या मुलीचा अनुभव पूर्ण वेगळा. स्त्री-पुरुष वेतनातली दरी सुमारे तीस टक्के, विकसित देशांत सर्वांत मोठी. 2016 मध्ये सोलच्या गंगनाम स्थानकाजवळ एका तरुणीचा खून झाला, 2018 मध्ये छुप्या कॅमेऱ्यांविरुद्ध हजारो स्त्रिया रस्त्यावर आल्या. आपण फसवले गेलो, असे त्या तरुणाला वाटते. आपल्याला अजून काही मिळालेच नाही, असे तिला वाटते. आणि दोघे एकाच नोकरीच्या रांगेत उभे आहेत. त्यांच्या आजी-आजोबांवर अशी वेळ क्वचितच आली, म्हणून त्यांची मते सोबत राहिली.

यावर आक्षेप येतो की हे सारे पुढाऱ्यांचे कारस्थान आहे. त्यात तथ्य आहे. ली जुन-सोक यांनी तरुण पुरुषांच्या रागावर राजकारण उभारले, यून यांनी लिंगसमानता मंत्रालय बंद करण्याचे आश्वासन दिले. हे बेजबाबदार होते. पण जून 2021 मध्ये ली जुन-सोक पुराणमतवादी पक्षाचे अध्यक्ष झाले त्याआधीच एप्रिलमध्ये सोलचा निकाल लागला होता. आग आधीच धुमसत होती, त्यांनी तीत तेल ओतले. शिवाय हे तरुण पुराणमतवादी पक्षाचे हक्काचे मतदारही झालेले नाहीत. डिसेंबर 2024 मध्ये यून यांनी लष्करी कायदा लादला. त्याविरुद्ध रात्रीच्या निदर्शनांत तरुणी सर्वांत पुढे होत्या, आणि 2025 मध्ये विशीतल्या 58.1 टक्के स्त्रियांनी ली जे-म्युंग यांना मत दिले. त्या वयाच्या पुरुषांत त्यांना 24 टक्केच मिळाले, पण किम मून-सू यांनाही 36.9 च. त्यांच्या बरोबरीने 37.2 टक्के मते तिसऱ्या उमेदवाराला, म्हणजे तोवर त्या पक्षाबाहेर पडलेल्या ली जुन-सोक यांना गेली.

प्रदेश अजून मेलेला नाही, हा दुसरा आक्षेपही खरा आहे. 2025 मध्येही होनामने ली जे-म्युंग यांना ऐंशी टक्क्यांहून अधिक मते दिली, तर योंगनाममधल्या देगूतली दोन-तृतीयांश मते किम यांना गेली. पण प्रदेशाची निष्ठा सांगते कोण कुठे जिंकेल. देशात सत्ता कोणाची, हे ठरवणारी सरकती मते आता त्या निष्ठेत सापडत नाहीत.

मला काळजी वाटते ती तरुणांतल्या या फुटीच्या किमतीची. त्यांची संख्या मुळातच घटते आहे. 2023 मध्ये जननदर 0.72 वर आला. साठीपुढचे मतदार विशी-तिशीतल्यांपेक्षा संख्येने अधिक झाले आहेत. मार्च 2025 मध्ये संसदेने निवृत्तिवेतन निधीचा हप्ता 9 वरून 13 टक्क्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने वाढवला, तेव्हा भार सर्वाधिक काळ वाहायचा तो आजच्या तरुणांनी, पुरुषांनी आणि स्त्रियांनी सारखाच. दोन्ही मोठ्या पक्षांनी मिळून विधेयक मंजूर केले; वेगवेगळ्या पक्षांतले तरुण खासदार एकत्र येऊन विरोधात बोलले ते त्यानंतर.