आवळण्याची वेळ

एखादी गोष्ट घट्ट धरून ठेवणे हा आपल्याकडे सद्गुण समजला जातो. वचन घट्ट हवे, तत्त्व घट्ट हवे. ते किती घट्ट असावे असे क्वचित कोणी विचारतो. पण ते आवळले कोणत्या वेळी, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. हा दुसरा प्रश्न मला सुचला तो कोणत्याही ग्रंथामुळे नव्हे, केजच्या रस्त्यावरील एका जीप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीमुळे.

आमच्या बीड जिल्ह्यात गाडी कारखान्यातून आली तशीच चालवणे हा जणू मालकाचा कमीपणा. बालाघाटाच्या खडकाळ वाटांसाठी कोणी जीपला एक पाटा वाढवतो, कोणी तिला वीतभर उंच करतो. आताची तरुण पोरे तर मोटारीला उंची कमी-जास्त करता येणारे सस्पेन्शन बसवून घेतात. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम अशा मनमानी फेरफारांना मोकळीक देत नाही. पण कलम वाचून गाडी घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

हा मिस्त्री गाडी घोडीवर चढवतो, नवे पाटे बसवतो, बोल्ट ओवतो आणि नट नुसते हाताने फिरवून सोडून देतो. मग गाडी खाली उतरवतो, चार माणसांना आत बसवतो, तिला दोनदा हेलकावे देतो आणि माणसे उतरली की पाना घेऊन तिच्याखाली शिरतो. कारण विचाराल तर ते साधे आहे. पाट्याच्या डोळ्यात रबराचा बुश असतो, बुशात पोलादी नळी आणि नळीतून बोल्ट. बोल्ट आवळला की नळी जागच्या जागी जखडते. त्यानंतर पाटा हलतो तो रबराला पीळ देत. चाके अधांतरी असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर टेकताक्षणी रबर पिळले जाते आणि उभ्या गाडीतही पिळलेलेच राहते. पुढे प्रत्येक खड्डा त्या पिळात भर घालतो आणि रबर अकाली फाटते. दोष मात्र रबराला लागतो! उंची बदलता येणाऱ्या गाडीत तर प्रत्येक बदलानंतर हे बोल्ट सैल करून, नव्या उंचीवर भार देऊन, पुन्हा आवळावे लागतात. गाडी उंच करण्याची हौस पुष्कळांना असते. बोल्ट सैल करण्याची आठवण थोड्यांना.

माणसांचे निश्चय बहुधा अधांतरीच आवळलेले असतात, असे मला वाटते. पोट भरलेले असताना घेतलेले त्यागाचे व्रत आणि घरात आजारी कोणी नसताना ठरवलेली सेवेची नीती, ही त्याच जातीची. यावर कोणी म्हणेल, मग भार येईल तेव्हाच काय ते ठरवू. ही संधिसाधूची आवडती पळवाट आहे. पण मिस्त्रीचे काम नीट पाहिले तर ती तिथे सापडत नाही. बोल्ट किती जोराने आवळायचा याचा आकडा आधीच ठरलेला असतो. जोर मोजणारा पाना तो न्यूटन-मीटरमध्ये दाखवतो आणि गिऱ्हाईक गरीब आहे म्हणून तो आकडा उतरत नाही. अधिक आवळलेला बोल्टही ताणला जातो, त्याचे आटे मरतात. किती आवळायचे, यावर घासाघीस नाही. कोणत्या स्थितीत आवळायचे, एवढेच भार सांगतो. शिवाय पाट्यांना आसाशी जखडणारे यू-बोल्ट गाडी काही अंतर चालल्यावर पुन्हा तपासावे लागतात, कारण पाटे एकमेकांवर बसत जातात. एकदा आवळले म्हणजे जन्माचे झाले, असे लोखंडसुद्धा मानीत नाही.

मी शाळामास्तर. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास आमचे वर्ग रिकामे होऊ लागतात. मुकादमाची उचल घेतलेल्या नवरा-बायकोचा ‘कोयता’ ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात निघतो आणि तान्ह्या भावाला सांभाळायला थोरली बहीण बरोबर जाते. मुलीची शाळा सुटता कामा नये, हा आमचा आकडा. त्यात मी एका काट्याचीही सूट देणार नाही. पण तो बहुतेक वेळा शिक्षकांच्या खोलीत, पंख्याखाली, चाके अधांतरी असताना आवळला जातो. हंगामी वसतिगृहांची सोय निघाली तेव्हा निदान जेवणाचा भार मोजला गेला. मुले आजी-आजोबांकडे राहतात आणि दोन वेळा जेवतात. तरीही भार तेवढाच नसतो.

सहावीतल्या एका मुलीच्या आईला मी हीच सोय सांगत होतो. बाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पाल आणि शेळी चढली होती. तिने सारे ऐकून घेतले आणि विचारले, “गुरुजी, ठिवते की हिला. पर म्हातारीला दिसत न्हाई. राती हिच्याजवळ कोन निजंल?”

मी हजेरीपट मिटला आणि म्हातारीचे घर कोणत्या आळीत आहे ते विचारून घेतले.