सैतानाच्या विवरांतील मासा

शास्त्रपाठ : उत्पत्ति 26:17-22

उमापूर व आसपासच्या गांवांतील मंडळ्यांस पाण्याचें मोल कोणीं शिकवावयास नको. म्हणून आज आम्ही पाण्याचाच एक खरा दाखला आपणांपुढें ठेवितों.

अमेरिकेंतील नेवाडा राज्याच्या वाळवंटांत खडकामध्यें शेंकडों फूट खोल असें एक विवर आहे. लोकांनीं त्यास सैतानाचें विवर असें नांव दिलें. त्यांतील पाणी बाराही महिने कोमट, सुमारें 33 अंश सेल्सियस असतें. त्यांत प्राणवायु थोडा व अन्नही थोडें. तरी तेथें इंचभर लांबीचा एक निळसर मासा राहतो. रानांत ह्या जातीला दुसरें घर नाहीं. विवर एवढें खोल, पण त्याचें चरणें व अंडीं घालणें मुख्यत्वें कांठच्या एका उथळ खडकावर होतें. मनुष्यानें ज्या जागेस सैतानाचें नांव दिलें, तेथेंही देवानें आपल्या हातची कृति ठेविली आहे.

सन 1968 च्या सुमारास अडीच मैलांवरील शेतमालकांनीं विहिरींतून मोठा उपसा सुरू केला. विहिरी त्यांच्या हद्दींत होत्या, पण भूमीखालचें पाणी एकच. विवरांतील पाणी उतरलें व तो खडक उघडा पडूं लागला. तंटा न्यायालयांत गेला. 1976 सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें ठरविलें कीं, माशाच्या जिवापुरतें पाणी राहिलें पाहिजे. उपसा त्या मर्यादेंत असावा. तरी संकट सरलें नाहीं. 2013 सालीं मोजणींत अवघे 35 मासे भरले. 2024 च्या वसंतांत 191 झाले. पुढें भूकंपांच्या हेलकाव्यांनीं खडकावरील शेवाळ व अंडीं वाहून गेलीं, आणि 2025 च्या वसंतांत 38 च उरले.

आतां आपल्या शिवाराकडे पाहूं. गरारच्या गुराख्यांनीं विहिरींवर हक्क सांगितला, तेव्हां इसहाक तंटा सोडून पुढें गेला, आणि रहोबोथ येथें त्यास मोकळी जागा मिळाली. आपणांस तशी मोकळी जागा उरली नाहीं. एकाची बोअर खोल जाते, तों शेजारच्या विधवेचा आड आटतो. आपली जमीन, आपला पैसा, मग ह्यांत पाप कोणतें, असें आपण म्हणतों. परंतु बांध वरून घातलेला आहे. खालीं पाण्याला बांध नाहीं.

बंधूंनो, एका इंचभर माशासाठीं न्यायाधीशांनीं उपशास मर्यादा घातली. शेजाऱ्याच्या घागरीसाठीं आपण आपणांवर ती घालणार नाहीं काय? नवी बोअर पाडण्यापूर्वीं शेजाऱ्यांस बोलावून बसा, पाण्याचा हिशेब मांडा, मग प्रार्थना करा. असें झाल्यास आपल्या गांवींही रहोबोथ होईल. प्रभु आपणां सर्वांस ही बुद्धि देवो. आमेन.