चौदा वर्षांची मुभा

पुणे शहराच्या हद्दीतील सर्वांत उंच अशा वेताळ टेकडीवर रविवारी सकाळी जो जाईल त्याला, फिरावयास आलेल्या वृद्धांच्या मेळ्यातून वाट काढीत, जाड दातेरी टायरांच्या गिअरच्या सायकली दामटणारी दहा-बारा वर्षांची मुले हटकून दिसतात. त्यांच्याबरोबर वडीलधारे असे कोणी नसते, आणि ती खाणीच्या बाजूच्या उतारावर दिसेनाशी झाली म्हणजे पाहणाराच्या मनात जो प्रश्न उभा राहतो तो केवळ काळजीचा नसून धर्माचा आहे, असे मला वाटते. कोवळ्या जिवाला संकटाच्या वाटेवर एकटे जाऊ देणे हा मातापित्यांच्या कर्तव्याचा लोप, की त्या कर्तव्याचेच एक अंग? आणि मूल पडले, तर त्या पडण्याचे कर्म कोणाच्या खाती मांडावयाचे?

महाभारताच्या आदिपर्वात अणीमांडव्याची कथा आहे. मौनव्रत धरून तपाला बसलेल्या या ऋषीच्या आश्रमात चोरांनी लुटीचा ऐवज लपविला, राजपुरुषांनी त्यालाही चोर ठरवून सुळावर चढविले, आणि पुढे सुळाचे टोक अंगात वागवीत जगणाऱ्या मांडव्याने यमधर्माच्या सभेत जाऊन, ही शिक्षा माझ्या कोणत्या अपराधाची, असा जाब विचारला. लहानपणी तू पतंग-किड्यांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होतीस, असे उत्तर मिळाले. तेव्हा अल्प अपराधाला एवढा दंड करणाऱ्या धर्मालाच त्याने मनुष्ययोनीत जन्म घेण्याचा शाप दिला, ज्यातून विदुर जन्मला. आणि चौदाव्या वर्षापर्यंत कोणालाही पाप लागणार नाही अशी मर्यादा लोकांत घालून दिली.

या कथेचा नेहमीचा अर्थ बालकाविषयीची करुणा हा आहे, आणि तो खराच आहे. पण मला तीत याहून अधिक काही दिसते. मुलाच्या हातून चूक होऊच नये अशी तजवीज मांडव्याने केली नाही की त्याच्यावर पहारा बसविला नाही. त्याने चुकीला जागा दिली, आणि तीही थोडीथोडकी नव्हे, चौदा वर्षांची. आपल्या हातून काय घडले ते मुलाने स्वतः पाहावे, त्यातली वेदना ओळखावी, आणि हिशेब सुरू होण्यापूर्वी बरेवाईट निवडण्याचा सराव त्याला व्हावा, यासाठी धर्माने आपल्या वहीतील ही पाने कोरी ठेवली, असे मी समजतो. ही मुभा ज्याला मिळाली पण तिचा उपयोग करण्याचा प्रसंगच ज्याच्यावर येऊ दिला गेला नाही, त्या मुलाचे पंधरावे वर्ष मात्र हिशेबासहच उजाडते.

परंतु पापपुण्याच्या कायद्यातील ही सवलत सृष्टीच्या कायद्यात नाही. टेकडीवरचा मुरूम स्वाराचे वय विचारीत नाही. उतारावर बहुतेक भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून सायकल थांबविण्याची खरी शक्ती पुढच्या ब्रेकमध्ये असते. पण सुट्या मुरुमावर तोच ब्रेक एकदम आवळला तर चाक फिरायचे थांबून घसरते, आणि कातळावर आवळला तर स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. जाणता मुलगा उतार लागताच दोन्ही पायडले सारख्या पातळीवर आणून सीटवरून उठतो, अंग मागे घेतो, दोन्ही ब्रेक बोटाने थोडेथोडे दाबीत जातो, आणि नजर चुकवावयाच्या धोंड्यावर न ठेवता जावयाच्या वाटेवर ठेवतो. कारण नजर जाईल तिकडे चाक जाते. हा सारा निर्णय श्वास घेण्याच्या आत व्हावा लागतो, आणि अशा क्षणी मागून बापाने घातलेली हाक, ती कितीही प्रेमाची असो, मुलाची नजर वाटेवरून काढून घेण्यापलीकडे काही करू शकत नाही. आज्ञेला जेथे पोचता येत नाही तेथे फक्त संस्कार पोचतो. या सायकलीचा पूर्वेतिहासही हेच सांगतो. कॅलिफोर्नियातील टॅमल्पाइस पर्वताच्या परिसरात १९७०च्या दशकात काही तरुण जुन्या जड सायकली उतारावर सोडीत, तेव्हा मागच्या चाकातील ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. ब्रेक कसा असावा हे त्यांना त्या उतारानेच शिकविले.

आपल्या दंडविधानानेही या बाबतीत विचार केलेला आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेने सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य अपराध मानले नाही, आणि सात ते बारा या वयात त्याची समज कितपत परिपक्व झाली आहे हे पाहण्यास सांगितले. २०२३ च्या नव्या न्याय संहितेनेही ही तरतूद कायम ठेवली आहे. समज ही वयाबरोबर आपोआप येणारी वस्तू नव्हे, हे कायद्याने येथे मान्य केले आहे. आगरकरांच्या पिढीने ज्याचे ग्रंथ आदराने वाचले त्या इंग्रज तत्त्वज्ञ मिल्लने १८५९ साली स्वातंत्र्याचा पुरस्कार करताना मुलांना मात्र त्यातून वगळले. ते योग्यच होते, तरी ज्याने कधी स्वतः निवडले नाही त्याच्यात निवडण्याची पात्रता कोठून यावी, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

मग आपण मुलांमागे सारखे का धावतो? वात्सल्य हे कारण मी नाकारीत नाही. पण त्या वात्सल्यात आणखी एक भाव मिसळलेला असतो: काही विपरीत घडले, तर मी तेथे हजर होतो, माझ्याकडून कसूर झाली नाही, असे सांगता यावे ही इच्छा. ती स्वतःच्या निर्दोषत्वाची हमी आहे, आणि तिची किंमत मुलाच्या स्वातंत्र्यातून वसूल केली जाते. मेयर हिलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये केलेल्या पाहणीत, सात-आठ वर्षांच्या मुलांपैकी मोठ्यांवाचून शाळेत जाणारी मुले १९७१ साली ८० टक्के होती, ती १९९० साली ९ टक्के उरली. आणि रस्त्यावर मुले मरण्याचे प्रमाण घटले ते रस्ते निर्धोक झाल्यामुळे नव्हे, मुलेच रस्त्यावरून काढून घेतल्यामुळे, असा त्यांचा निष्कर्ष होता. अमेरिकेतील युटा राज्याला तर, पुरेशा वयाच्या व समजेच्या मुलाने एकट्याने शाळेत वा मैदानावर चालत किंवा सायकलीवरून जाणे ही पालकांची हेळसांड नव्हे, असे २०१८ साली कायद्यात लिहून ठेवावे लागले. जे पूर्वी कोणाच्या परवानगीचा विषयच नव्हते त्याला कायद्याचे संरक्षण द्यावे लागावे, ही गोष्ट मला फार दुःखाची वाटते.

मात्र, देवावर भार टाकून मुलाला सोडून द्यावे, असे मी म्हणत नाही. टेकडीच्या माथ्यावर वेताळाचे देऊळ आहे आणि तो त्या परिसराचा राखणदार मानला जातो. पण ब्रेकची झिजलेली रबरे तपासण्याचे काम त्याच्याकडे सोपविणे ही श्रद्धा नव्हे, आळस आहे. धर्म क्षमा करतो आणि धोंडा करीत नाही, या दोहोंच्या मधली जागा मातापित्यांची आहे. जेथे पडल्यास गुडघा फुटेल पण जीव जाणार नाही असा उतार त्यांनी निवडावा. खाणीचा कडा कोठे आहे ते मुलाला तेथे नेऊन दाखवावे. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली कसा बसतो, केबल सैल झाली म्हणजे ब्रेकची दांडी हाताला कशी लागते, हे त्याच्या हाताने करवून घ्यावे. आणि मग घरी बसावे. हे घरी बसणे हेही कर्मच आहे, आणि माझ्या मते त्या सर्व कर्मांत तेच सर्वांत कठीण. मुलाच्या खिशातील फोनवरून त्याचा ठिपका नकाशावर सरकताना पाहत बसणे म्हणजे घरी बसणे नव्हे; तो पहाराच आहे, फक्त दुरून ठेवलेला. एवढी तयारी करूनही मुलाचा हात मोडला, तर तो दोष बापाने आपल्या खाती ओढून घेऊ नये आणि मुलाच्या माथीही मारू नये. हाड सांधून येते. पण त्या दिवशी सायकल कुलपात गेली तर मुलाने त्या पडण्यातून जे मिळविले तेही तिच्याबरोबर कुलपात जाते.

एक गोष्ट मात्र मनाला टोचत राहते. टेकडीवर सायकल घेऊन एकटी हिंडणारी ही मुले बहुधा मुलगेच असतात. मुलींचा तोल मुलग्यांहून कमी नसतो, आणि मुरूम त्यांनाही तेवढाच घसरवितो. त्यांच्या आईबापांना भय वाटते ते उताराचे नव्हे, वाटेत भेटणाऱ्या पुरुषांचे. ते भय खोटे आहे असे मी कोणत्याही आईला सांगू शकणार नाही, आणि ब्रेक कसा दाबावा हे शिकवून ते दूरही होणार नाही. वाट निर्धोक करण्याचे काम वाटेवर चालणाऱ्या आम्हा मोठ्यांचे असताना, ते होईपर्यंत मुलीने घरी थांबावे असे सांगणे म्हणजे आमच्या कसुरीचा दंड तिच्याकडून घेणे होय.